ठोकळ्यांची गाडी चढावर

खेळण्यातल्या ठोकळ्यांपासून केलेली मोटार चांगली की सुमार, हे कशावरून ठरवायचे? प्रदर्शनात टेबलाभोवती जमलेली माणसे आधी रूप पाहतात. समोरची जाळी ओळखू येते का, दिव्यांची ठेवण साधली आहे का, दारे उघडतात का, रंग मूळ गाडीचाच आहे का, याची चर्चा होते आणि फोटो काढले जातात. या कौतुकात गैर काही नाही, पण ते अपुरे आहे. वाहन ही चालण्यासाठी जन्मलेली वस्तू आहे. तिच्या प्रत्येक अवयवाचा आकार कोणत्या तरी कामातून आलेला असतो, आणि ते काम समजून न घेता उचललेला आकार पोकळ राहतो. म्हणून या प्रकरणात मी एकच गोष्ट पटवून देणार आहे. ठोकळ्यांचे तपशीलवार वाहन हे खरेखुरे अभियांत्रिकी काम आहे, आणि ते तसे ठरते दोन कारणांनी: त्यातला प्रत्येक निर्णय एका कठोर मापाच्या चौकटीत घ्यावा लागतो, आणि तो निर्णय बरोबर की चूक हे बनवणाऱ्याच्या मतावर न ठरता चाचणीवर ठरते. यातली चाचणी वगळली, तर उरते ती फक्त शोभेची वस्तू.

आधी ती चौकट पाहू. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियानसन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, तीच पुढे लेगो कंपनी झाली. आज आपण जो ठोकळा ओळखतो, वर गोल खुंट्या आणि आतून पोकळ नळ्या असलेला, त्याच्या पेटंटचा अर्ज त्यांचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी केला. नळ्यांमुळे खुंटी तीन बाजूंनी पकडली जाते आणि जोड घट्ट बसतो. १९६३ पासून हे ठोकळे एबीएस या टणक प्लास्टिकचे होऊ लागले. माप तेव्हापासून बदललेले नाही. शेजारच्या दोन खुंट्यांच्या केंद्रांमध्ये ८ मिलिमीटर अंतर असते. या अंतराला आपण एक घर म्हणू. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. या आकड्यांत एक सोयीचा योग दडलेला आहे: पाच पट्ट्या एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन घरे. त्यामुळे ठोकळे आडवे वळवून कुशीवर बसवता येतात आणि तरीही माप जुळते. मडगार्डचा फुगीरपणा, बॉनेटवरची कड, दिव्याभोवतीची चौकट असे बहुतेक बारीक तपशील याच पाचास दोनच्या हिशेबावर उभे असतात. पण सोय आहे तसे बंधनही आहे. सुताराला रंधा मारता येतो, लोहाराला कानस लावता येते. इथे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त करण्याची मुभा नाही. उपलब्ध तुकड्यांच्या पूर्णांकांत उत्तर सापडले तरच ते उत्तर.

एक उदाहरण हिशेबासह घेऊ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख ठरलेली प्रीमियर पद्मिनी ठोकळ्यांत करायची आहे. नवशिक्या गाडीच्या लांबीपासून सुरुवात करतो, जाणता चाकापासून. कारण बाकी सगळे तुकडे जोडून हवा तो आकार जवळपास गाठता येतो, टायर मात्र ठरावीक मापांतच मिळतात: ४३.२, ५६, ६२.४, ६८.७, ८१.६ मिलिमीटर असे काही व्यास. पद्मिनीला ५.२०-१४ मापाचा टायर असे. चौदा इंचांची रिम आणि दोन्ही बाजूंना ५.२ इंचांची जाडी धरली तर व्यास सुमारे ६२ सेंटीमीटर येतो. म्हणजे ६२.४ मिलिमीटरचा टायर घेतला की प्रमाण १:१० ठरले, आणि आता बाकीचे सगळे आकडे त्याला बांधले गेले. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मूळ गाडीत २३४० मिलिमीटर, म्हणून प्रतिकृतीत २३४, म्हणजे सव्वाएकोणतीस घरे. सव्वा घर अस्तित्वात नाही. २९ घरे घेतली तर २ मिलिमीटर कमी पडतात, म्हणजे एका टक्क्याहून कमी चूक, ती खुशाल स्वीकारावी. रुंदीचे मात्र अवघड आहे. सुमारे १.४६ मीटर रुंदीची सव्वाअठरा घरे होतात. आकाराच्या दृष्टीने १८ जवळचे, पण १८ ही सम संख्या आहे. पद्मिनीचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे इंजिनाची फिरकी मागे नेणारा दांडा गाडीच्या बरोबर मध्यरेषेवरून जातो. दांडा बीम नावाच्या लांब तुकड्यांतल्या ज्या भोकांतून जातो ती एकेका घराच्या अंतरावर असतात, म्हणून रुंदी विषम असेल तरच मधोमध भोक मिळते. १९ घरे घेतली तर गाडी चार टक्क्यांनी रुंद होते आणि डोळ्याला थोडी फुगीर दिसते. १८ घेतली तर दांड्यासाठी अर्ध्या घराची तडजोड शोधावी लागते. रूप सांभाळायचे की यंत्रणा, हा प्रश्न इथे पहिल्याच पानावर उभा राहतो, आणि तो टाळता येत नाही.

गिअरच्या बाबतीत ही चौकट आणखी कडक होते, आणि त्यातले गणित मला या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते. लेगोचे गिअर अशा मापाचे केले आहेत की दात्यांची संख्या भागिले दोन हाच मिलिमीटरमधला त्याचा कार्यकारी अर्धव्यास. आठ दात्यांच्या गिअरचा अर्धव्यास ४, सोळाचा ८, चोविसाचा १२, चाळिसाचा २०. दोन गिअर एकमेकांत नीट बसायचे तर त्यांच्या दांड्यांमधले अंतर दोन्ही अर्धव्यासांच्या बेरजेइतके हवे. आठ आणि चोवीस: ४ अधिक १२, म्हणजे १६ मिलिमीटर, दोन घरे. आठ आणि चाळीस: २४ मिलिमीटर, तीन घरे. बारा आणि वीस दात्यांची जोडी घेतली तरी ६ अधिक १०, पुन्हा दोन घरे. सोळा आणि सोळा, तेही दोन घरे. याचा अर्थ असा की दोन घरांच्या अंतरावर दोन समांतर दांडे ठेवले की त्यांच्यामध्ये एकास तीन, तीनास पाच, समसमान, पाचास तीन आणि तीनास एक अशी पाच वेगवेगळी गुणोत्तरे मिळतात. ठोकळ्यांच्या गिअरबॉक्सचा सारा डोलारा या योगावर उभा आहे. पण वीस आणि वीस दात्यांची जोडी २० मिलिमीटर मागते, म्हणजे अडीच घरे, आणि तिथे रचना बिनसते. अमुक गुणोत्तर हवे म्हणून कुठलाही गिअर कुठेही लावता येत नाही. खऱ्या गिअरबॉक्सच्या रचनाकाराला हाच पेच पडतो: दोन दांड्यांमधले अंतर एकदा ठरले की सगळ्या जोड्यांना त्याच अंतरात बसावे लागते. ठोकळे हाताळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला हा पेच पुस्तक न उघडता कळतो.

कंपनीच्या स्वतःच्या संचांचा इतिहासही हेच सांगतो. १९७७ साली टेक्निक मालिकेचा आरंभ झाला तेव्हा ८५३ क्रमांकाच्या संचात मोटारीची नुसती चासी होती. तिला बॉडी नव्हती. होते ते वर-खाली होणारे पिस्टन आणि रॅक-पिनियनचे स्टिअरिंग. १९८० च्या ८८६० मध्ये डिफरन्शियल आणि मागच्या चाकांना सस्पेन्शन आले. १९९४ च्या ८८८० मध्ये चारही चाकांना ओढ आणि चारही चाकांना वळण एकत्र आले. खुंट्यांच्या बीमवरून बिनखुंट्यांच्या गुळगुळीत बीमकडे वाटचाल झाली ती त्यानंतर, आणि त्यामुळे यंत्रणा कमी जागेत मावू लागल्या. २०१८ च्या बुगाटी शिरॉनमध्ये ३५९९ तुकडे, १:८ प्रमाण आणि आठ गतींचा गिअरबॉक्स आहे. चाळीस वर्षांच्या या प्रवासात बॉडी उत्तरोत्तर देखणी होत गेली, हे तर दिसतेच. पण प्रत्येक टप्पा एखाद्या यंत्रणेचा प्रश्न सुटल्यामुळे आला, आणि रूप त्याच्या मागोमाग आले.

आता चाचणीकडे येऊ. त्यासाठी ठोकळे कुठे बळकट आणि कुठे दुबळे, हे ठाऊक असायला हवे. २०१२ मध्ये बीबीसीच्या विनंतीवरून ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या अभियंत्यांनी दोन बाय दोन खुंट्यांचा ठोकळा दाबयंत्रात घालून पाहिला. तो सुमारे ४२४० न्यूटन बलापर्यंत टिकला. इतके वजन द्यायचे तर तसेच पावणेचार लाख ठोकळे त्याच्यावर रचावे लागतील आणि मनोरा साडेतीन किलोमीटरच्या वर जाईल. म्हणजे दाबाला ठोकळा भलताच खंबीर आहे. पण गाडीच्या चासीला दाबाचे संकट फारसे नसतेच. तिला पीळ बसतो, ती मध्ये वाकते, जोड सुटतात, लांब दांडे पिळवटतात. म्हणून चासीत काटकोनी चौकटींपेक्षा त्रिकोण हवेत, कारण त्रिकोणाच्या बाजू न बदलता त्याचा कोन बदलू शकत नाही. इथेही पूर्णांकांची अट आहेच. तीन, चार आणि पाच घरांच्या बाजूंचा काटकोन त्रिकोण जाळ्यात तंतोतंत बसतो. मात्र तीन घरांचे अंतर म्हणजे चार भोकांचा बीम, हे विसरले की त्रिकोण बंदच होत नाही. टेक्निकमधल्या वाकड्या बीमचा सुमारे ५३ अंशांचा कोन हा याच ३-४-५ च्या त्रिकोणातून आलेला आहे.

चाचणीचा क्रम महत्त्वाचा. बॉडी चढवण्याआधी उघड्या चासीची परीक्षा घ्यावी, कारण बॉडीखाली झाकलेला दोष शोधायला पुढे सगळी गाडी सोडवावी लागते. पहिली परीक्षा हाताची: मोटर न जोडता चाके बोटाने फिरवायची. कुठे अडते, कुठे जड जाते, हे बोटाला लगेच कळते. एखादा दांडा दोन्ही टोकांना नीट टेकलेला नसला तर गिअर ताणाखाली बाजूला सरतो आणि दाते निसटल्याचा कटकट आवाज येतो. दुसरी परीक्षा ढिलाईची, मेकॅनिक ज्याला प्ले म्हणतात त्याची. गिअरच्या प्रत्येक जोडीत थोडी मोकळीक असतेच. पाच जोड्या एकामागोमाग लावल्या की ती साठत जाते, आणि स्टिअरिंग थोडे फिरले तरी चाक ढिम्म राहते. तिसरी परीक्षा वळणाची. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांची ही कल्पना, तिचे ब्रिटिश पेटंट १८१८ साली रुडॉल्फ अकरमन यांनी घेतले आणि नावही त्यांचेच राहिले. गाडी गुळगुळीत फरशीवर गोल ढकलली की पुढचा टायर घासटतो का ते दिसते. घासटत असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याचे भोक बदलायचे आणि पुन्हा ढकलायचे. चौथी परीक्षा सस्पेन्शनची. पद्मिनीला मागे पाट्यांच्या कमानी होत्या. ठोकळ्यांत तशा पाट्या नसल्याने स्प्रिंगचा तयार शॉक ॲब्सॉर्बर वापरावा लागतो, आणि तो नरम की कडक हे गाडीचे पूर्ण वजन पडल्याशिवाय कळत नाही. म्हणून या परीक्षेच्या वेळी उघड्या चासीवर बॉडीच्या अंदाजी वजनाइतके वजन ठेवावे.

पाचवी परीक्षा चढाची, आणि ती घेण्याआधी कागदावर हिशेब करावा. समजा गाडी भरून २ किलो झाली आणि तिने पाचास एक असा चढ चढायला हवा. तिला मागे ओढणारे बल सुमारे ३.८ न्यूटन. चाकाचा अर्धव्यास ३१ मिलिमीटर धरला तर चाकांना एकूण सुमारे १२ न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क हवा. समजा मोटर न तापता ६ न्यूटन-सेंटीमीटर देते. एकास तीन असे गिअर लावले तर १८ मिळतात, आणि त्यातला तिसरा हिस्सा घर्षणात गेला तर नेमके १२ उरतात. म्हणजे गाडी जेमतेम चढेल. आता वेग पाहू. मोटरचे मिनिटाला ३०० फेरे तिनाने भागले की चाकाचे १०० फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला सुमारे १९६ मिलिमीटर अंतर. सेकंदाला ३३ सेंटीमीटर. यापेक्षा पळणारी गाडी हवी तर चढ सोडावा लागेल, जास्त चढ हवा तर वेग सोडावा लागेल. हा हिशेब झाला की गाडी फळीवर चढवायची आणि फळीचा कोन वाढवत न्यायचा. गाडी अपेक्षेच्या आधीच थांबली तर कारण शोधायचे: टायर घसरला, मोटर थकली, गिअर निसटला, की चासी पिळवटून दांडा आवळला गेला? चारही वेळा गाडी थांबलेलीच दिसते, पण उपाय चार निराळे. म्हणूनच एका वेळी एकच बदल करायचा, नाही तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. कारण आणि परिणाम वेगळे काढण्याची ही शिस्त म्हणजेच प्रयोगशास्त्र.

यावर पहिला आक्षेप येतो तो संगणकाच्या बाजूने. आता सारी रचना पडद्यावर होते, मग हाताने तपासायचे कशाला? जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये एलड्रॉ ही प्रणाली लिहिली तेव्हापासून ठोकळ्यांची रचना संगणकावर करता येते, आणि आज स्टुडिओसारखी साधने तुकडे एकमेकांत घुसतात का हे क्षणात दाखवतात. या साधनांनी काम सोपे झाले यात वाद नाही. हजारो तुकड्यांचा संग्रह जवळ नसलेल्याला तर ती वरदानच आहेत. पण पडद्यावरचा बीम वाकत नाही, पडद्यावरच्या दांड्याला पीळ बसत नाही आणि पडद्यावरच्या गिअरला घर्षण नसते. शिवाय रचनेत तुकडे भौमितिकदृष्ट्या बिनचूक बसले तरी यंत्र चुकीचे वागू शकते. २०१६ च्या पोर्शे ९११ जीटी३ आरएस या २७०४ तुकड्यांच्या संचात हेच घडले. सूचनांप्रमाणे जोडल्यावर त्याच्या गिअरबॉक्समध्ये गतींचा क्रम १-३-२-४ असा लागत होता, आणि हौशी बांधणाऱ्यांनी तो फिरवून पाहिल्यावर ते उघड झाले. सगळे तुकडे जागच्या जागी होते, एकही जोड सैल नव्हता. दोष दिसला तो गिअर क्रमाने टाकून, चाकांचे फेरे मोजणाऱ्याला. अनुभवी रचनाकारांच्या हातून सुटलेली चूक साध्या चाचणीने पकडली, यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान प्रतिकृतीच्या चाचणीवरून मोठ्या गाडीबद्दल काहीच कळत नाही, मग तिला अभियांत्रिकी कसे म्हणायचे? हा मुद्दा गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथातच मांडला आहे. वस्तूची लांबी दुप्पट केली की तिचे वजन आठपट होते, पण भार पेलणारा छेद चौपटच होतो. म्हणून लहानपणी भक्कम वाटणारी रचना मोठी झाल्यावर स्वतःच्या वजनाने कोसळू शकते. याचा पुरावा लेगोनेच दिला. ३० ऑगस्ट २०१८ रोजी इटलीतल्या मोंझा इथे पूर्ण आकाराची, माणूस बसवून चालणारी बुगाटी शिरॉन सादर झाली. चेक प्रजासत्ताकातल्या क्लाडनो इथे दहा लाखांहून अधिक टेक्निक तुकड्यांतून ती डिंकाशिवाय बांधली होती. टायर आणि चाके मात्र मूळ बुगाटीची. दीड टन वजनाची ही गाडी चालवायला खेळण्यातल्या २३०४ मोटरी आणि ४०३२ गिअर लागले. त्यांची एकत्रित शक्ती ५.३ अश्वशक्ती, म्हणजे एका मोटरच्या वाट्याला पावणेदोन वॅटही नाहीत. वेग ताशी २० किलोमीटरच्या थोडा वर. खऱ्या शिरॉनचे इंजिन १५०० अश्वशक्तीचे आहे. १:८ च्या संचात जी चासी सहज उभी राहते ती आठपट वाढवून चालली नसती. या गाडीसाठी भार वाहणारी रचना निराळी शोधावी लागली, आणि तिचीही खऱ्या ट्रॅकवर चाचणी झाली. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे. बळकटी मापाबरोबर बदलते, म्हणून प्रत्येक मापाची चाचणी त्याच मापावर घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. ठोकळ्यांच्या गाडीची चाचणी त्या गाडीबद्दल सांगते. ती खऱ्या मोटारीच्या वतीने बोलत नाही.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या मापाबरोबर बदलतच नाहीत. गिअरचे गुणोत्तर, वळणाची भूमिती, सस्पेन्शनच्या बाह्यांची हालचाल ही सारी केवळ अंतरांच्या प्रमाणावर अवलंबून असतात. मंगळावर २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचे उदाहरण पाहा. तिच्यावर काम केलेले अभियंते स्टीफन पाकबाझ यांनी लेगोची रोव्हर रचली, आणि २०१४ मध्ये ती २९५ तुकड्यांचा संच म्हणून बाजारात आली. तिच्यात खऱ्या रोव्हरची रॉकर-बोगी यंत्रणा चालत्या स्वरूपात आहे. सहा चाके, दोन्ही बाजूंना जोडबाह्या, स्प्रिंग एकही नाही. एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमिनीला टेकून राहतात आणि मधला देह दोन्ही बाजूंच्या कलाची सरासरी घेतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि त्यातून बाहेर आलेला सहाचाकी प्रज्ञान याच तत्त्वावर चालला. प्लास्टिकची रोव्हर पुस्तकांच्या ढिगावरून ढकलताना जी हालचाल दिसते, ती भूमितीच्या दृष्टीने तीच आहे. मंगळावरची धूळ, थंडी, चाकांची झीज यांबद्दल ती काही सांगणार नाही. पण बाह्यांची लांबी अशीच का ठेवली, या प्रश्नाचे उत्तर ती हातात ठेवते.

तिसरा आक्षेप असा की तयार तुकडे जोडणे ही रचना नव्हेच, छापील सूचनांबरहुकूम जोडणे तर मुळीच नाही. याचा दुसरा भाग मान्य करायला हवा. सूचना पाहून संच पूर्ण करणे हे वाचनासारखे काम आहे. त्यातून शिकता येते, पण लेखन त्यापुढचे. पहिला भाग मात्र टिकत नाही. खरा अभियंता तरी नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे नव्याने कुठे घडवतो? तो प्रमाणित मापांच्या याद्यांतूनच निवडतो, आणि त्याची कसोटी निवडीत आणि मांडणीत लागते. तयार तुकड्यांमुळे एक मोठा फायदाही होतो: रचना सोडवून पुन्हा करता येते. लाकडात वा धातूत प्रत्येक चुकीची किंमत साहित्यात मोजावी लागते, ठोकळ्यांत ती फक्त वेळेत मोजावी लागते. म्हणूनच चाचणी आणि दुरुस्ती यांची इतकी आवर्तने इथे परवडतात. साहित्य महाग असल्याची तक्रार मात्र रास्त आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांना हजारो तुकड्यांचे परदेशी संच झेपणारे नाहीत. पण या प्रकरणातली एकही चाचणी मोठ्या संचावर अवलंबून नाही. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनोच्या धर्तीवरचे मेकॅनिक्स हे धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्टांचे खेळणे आपल्याकडे कित्येक घरांत आहे. त्यातल्या पट्ट्यांनाही समान अंतरावर भोके असतात, आणि तीन-चार-पाचचा त्रिकोण तिथेही तितकाच निर्दोष बंद होतो.

शेवटी रूपाचा प्रश्न. काही उत्तम कारागीर चालणारी यंत्रणा मुद्दाम सोडून देतात आणि सारी ताकद बाह्यरूपावर लावतात. ती वाट कमी प्रतीची आहे असे मी म्हणणार नाही. पद्मिनीच्या मागच्या कडांचा उठाव १:१० मध्ये साधणे हे कुशल डोळ्याचे काम आहे. पण तिथेही चाचणी आहेच: गाडी एका हाताने उचलल्यावर बंपर गळून पडतो का, दार पन्नासदा उघडल्यावर बिजागर सैल होते का, आणि छपराचा आकार दहा फुटांवरून ओळखू येतो का. फरक इतकाच की रूपाच्या परीक्षेत बनवणारा स्वतःला फसवू शकतो, चढाच्या परीक्षेत नाही. तपशील दाखवण्यासाठी यंत्रणा सोडली किंवा यंत्रणेसाठी चार टक्के रुंदी वाढवली, तर ते बनवणाऱ्याने उघड सांगावे. तडजोड लपवली की पाहणाऱ्याला शिकण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांना माझी विनंती आहे. ठोकळ्यांची गाडी समोर आली की तुकडे किती लागले हे विचारू नका. प्रमाण कोणत्या टायरवरून ठरले, कोणते माप जुळले नाही आणि काय सोडावे लागले, किती चढावर गाडी थांबली आणि का, त्यानंतर काय बदलले, हे विचारा. आणि गाडी करणाऱ्या मुलांना एक वही द्या. तारीख, एक बदल, एक चाचणी, एक निकाल, एवढेच त्यात लिहायचे. गाडी उद्या मोडून तिच्या तुकड्यांतून क्रेन होईल, तेव्हा त्या वहीतले निष्कर्ष पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतील.